तानुबाईची मांडणी

तानुबाई मूळची सोनगीरची. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी प्लेगनं नवरा नेला. मगन त्याचं नाव. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन लुगडी आणि मगनच्या लग्नातल्या फेट्याचा एक तुकडा होता, हळदीच्या रंगाचा. पुढं पुढं नवऱ्याचा चेहराही तिला धड आठवेना. रंग तेवढा आठवे.

आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ शालिग्राम धुळ्याला शाळेत होता. त्याला रांधून घालायला म्हणून वडिलांनी तिला तिथं खोली घेऊन ठेवलं. तो दिव्याशी धडे वाचायचा, ही समोर बसून निवडण-टिपण करायची. अक्षरं तिला उलटीकडून दिसत, म्हणून पहिल्यांदा ती उलटीच वाचायला शिकली. शालिग्रामला हे कळलं तेव्हा तो पोट धरधरून हसला, मग त्यानं पाटी सुलटी करून तिच्याकडे सरकवली.

शिक्षण संपल्यावर शालिग्रामला जळगावला कचेरीत नोकरी लागली. बहीणभावानं पिंप्राळ्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर घेतलं. तरुणपणी त्याला पुस्तकांचा फार नाद. महिन्याकाठी एखादं तरी घेऊन यायचा. पुस्तकं आधी खाटेखाली असत, पण वाळवी लागायला लागली तशी तानुबाईनं सुताराला बोलावलं. कापसाच्या जिनातल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या आणून त्यानं चार खणांची घोडी ठोकून दिली. स्वयंपाकघरात भांड्यांची असते तशी, म्हणून तानुबाई तिला मांडणीच म्हणायची.

त्या मांडणीत तिनं जीव ओतला. फळ्यांना गेरू लावला, कडेनं चुन्याच्या बोटांनी वेल काढली. प्रत्येक खणाला सुताची झालर विणली. किडीसाठी कोपऱ्याकोपऱ्यात वेखंडाच्या पुरचुंड्या. मग पुस्तकांना कापडाची वेष्टणं शिवायला घेतली: गोष्टींच्या पुस्तकांना लुगड्याच्या तांबड्या काठाचं, पोथ्यांना भावाच्या जुन्या धोतराचं, कवितांना निळ्या चोळखणाचं. उंच पुस्तकं कडेला, बुटकी मध्ये, त्यामुळे प्रत्येक खण दोन्ही हात पसरून बसल्यासारखा दिसे. दिवाळीत ती झालरी उतरवून धुवायची, तेव्हा शेजारच्या बायका बघायला यायच्या.

एका पुस्तकाला मात्र फेट्याचं कापड होतं. प्रवासवर्णन होतं ते, समुद्रापलीकडच्या देशांचं. मगनला रेल्वेत बसायची फार हौस होती आणि ती राहून गेली होती, म्हणून तिनं ते निवडलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दुपारी कामं आटोपली की ते काढायची, दोन पानं वाचायची आणि परत डोळ्यांच्या उंचीवर ठेवायची.

शालिग्रामचं लग्न झालं, बेबाबाई घरात आली, मुलं झाली. त्याचा वाचनाचा नाद सुटला. कचेरीतून आला की तो पाठ टेकायचा. पुस्तकं आता तानुबाईच वाचायची, पण ती आपली आहेत असं ती कधी म्हणाली नाही. तो विकत आणायचा, ती सजवायची, एवढंच.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात सोनगीरला चुलत पुतणीच्या बाळंतपणासाठी तिला बोलावलं. सव्वा महिना ती तिकडं राहिली. परत आली तर पुढच्या खोलीतल्या मांडणीवर पितळी डबे लावलेले. वर मुलाची टोपी.

"भाऊ, बठ्ठा पुस्तकं कोठे गयात?" तिनं विचारलं. गावची बोली तिनं सोडली नव्हती, भाऊ मात्र कचेरीची भाषा बोलायचा.

शालिग्रामचा चेहरा खुलला होता. "अक्का, तुला सांगायचं म्हणून थांबलो होतो! गावात नवं वाचनालय झालंय. साहेबांनी शब्द टाकला. मी सगळी दिली. कपाटावर बाबांचं नाव लावलंय. घरात कोण वाचतंय आता? मुलांना जागा झाली."

तानुबाई उंबऱ्यातच उभी होती. हातातलं गाठोडं तिनं खाली ठेवलं.

"चांगलं करं," ती म्हणाली आणि पाय धुवायला मागं गेली.

बेबाबाई मागोमाग गेली. न्हाणीघरात पाणी वाहत होतं आणि तानुबाई भिंतीला कपाळ लावून उभी होती. बेबाबाई आल्या पावली मागं फिरली.

चार दिवसांनी तानुबाई एकटीच वाचनालयात गेली. बाईमाणूस तिथं सहसा येत नसे. अभिमन नावाचा तरुण कारकून उठून उभा राहिला आणि तिनं भावाचं नाव सांगताच त्यानं तिला कपाट दाखवलं. सगळी पुस्तकं एकसारख्या काळ्या पुठ्ठ्यात बांधलेली, पाठीवर आकडे. तिला एकही ओळखू येईना.

"यासना वरना कापडं कोठे शेतस?" तिनं विचारलं.

"वेष्टणं होय, अक्का? बांधणीला दिली तेव्हा काढली. दिवे पुसायला, फरशी पुसायला..." तो बोलता बोलता थांबला. तिच्याकडे बघून आत गेला आणि चिंध्यांची टोपली घेऊन आला. तानुबाई खाली बसली. एकेक चिंधी उचलून बघितली. तांबडी सापडली, निळी सापडली, रॉकेलचा वास येत होता. हळदीच्या रंगाची नव्हती.

"काय होतं त्यात, अक्का?"

"कपडा व्हता," ती म्हणाली. मग तिनं त्या प्रवासाच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, तेव्हा अभिमननं ते शोधून तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं नाही. काळ्या पुठ्ठ्यावरून एकदा तळवा फिरवला आणि परत दिलं.

अभिमननं ही गोष्ट शालिग्रामच्या कानावर घातली. चिंध्यांची टोपली ऐकून तो त्या दिवशी जेवला नाही. नवऱ्याच्या फेट्याचा तुकडा तिनं जपून ठेवला होता हे त्याला माहीत होतं. तो कुठं गेला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या प्रवासाच्या पुस्तकाचं वेष्टण हळदीच्या रंगाचं होतं हे त्याला आत्ता आठवलं.

"अक्का, मला बोल, शिव्या दे," तो म्हणाला.

"तुले काय बोलू? पुस्तकं तुनाच व्हतात."

पगार झाल्यावर त्यानं डबे खाली उतरवले, नवी पुस्तकं आणली, मांडणीवर ओळीनं लावली. तानुबाईनं घरातलं एकही काम टाकलं नाही. भाकरी केल्या, मुलींच्या वेण्या घातल्या, पण त्या खोलीत ती फक्त केर काढायला जायची, तोही मांडणीपर्यंतच. झालरी मळल्या. शेवटी बेबाबाईनंच त्या सोडून टाकल्या.

एका रविवारी शालिग्राम नवं कापड आणि सुईदोरा घेऊन तिच्याजवळ अंगणात येऊन बसला. मांडीवर पुस्तक होतं. "अक्का, कोपरा कसा दुमडायचा? मला जमत नाही."

तानुबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. पुस्तकाकडे तिनं पाहिलं, मग भावाच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे.

"तुले जसं जमी तसं कर, भाऊ," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवू लागली.