वैशालीनं ताट घेतलं नाही

कमल, जरा इकडे सरक, जवळ बस. मला तुझ्यावर रागवायचंय आणि ते फोनवर जमत नाही, तू मध्येच कुकर बघायला उठतेस. परवा तू विचारलंस, "ताई, एवढं आरतीचं ताट वैशालीनं हातात घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" आपण दोघी एका घरातल्या, एका बापाच्या, आणि तू हे विचारावंस? पण तुझाही दोष नाही. तुझ्यापर्यंत मोबाईलवरून व्हिडिओचा तेवढाच तुकडा आला, आधीचं आणि नंतरचं आलंच नाही. म्हणून लिहायला बसले. माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे, हसू नकोस.

मी नागपूरहून निघाले तो दिवस तुला आठवतो का? तुझी परीक्षा होती, तू गणवेशातच होतीस. आईनं पांढरी साडी नेसून वंदना घेतली. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि आबा माझी बॅग उचलत होते, परत खाली ठेवत होते. दारात म्हणाले, "पोरी, कुणी विचारलं तर खरं सांग. सांगताना आवाज बारीक करू नकोस." मनात म्हटलं, लंडनमध्ये कोण विचारणार आहे?

विचारलं, पहिल्याच आठवड्यात. तुझ्या भावोजींची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, म्हणून लंडनच्या एजवेअर भागात एक खोली घेतली होती. जिन्यात आमचं मराठी ऐकून शेजारच्या शैलाताईंनी हौसेनं आत बोलावलं, चहा केला आणि कप हातात देता देता म्हणाल्या, "तुम्ही नेमके कुठले हो? आडनावावरून अंदाज येत नाही." मी म्हटलं, नागपूरचे. त्यावर त्यांनी संत्र्यांची चौकशी केली आणि तो विषय तिथंच मिटला. पुढे त्याच माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण झाल्या.

इथल्या मराठी मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो. मी दर वर्षी जायचे, आपल्या भाषेत पोटभर बोलायला तेवढीच जागा. पण आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या की मी किचनमध्ये. पुऱ्या तळायला कुणीतरी लागतंच आणि गरम पुरी आणून देणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. तुझे भावोजी त्याच वेळी पार्किंग बघायला जायचे. आम्ही हे ठरवलं नव्हतं बरं का, आपल्यासारख्यांच्या अंगवळणीच पडतं ते. छोटी वैशाली स्टुलावर बसून कणकेचे गोळे करायची. एकदा म्हणाली, "मम, आपण नेहमी किचनमध्ये का?" म्हटलं, घरी सांगते. घरी सगळं सांगितलं, आबांच्या दीक्षेपासून. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे एवढं गुड आहे, तर हॉलमध्ये का नाही सांगायचं?" त्यावर मी तिला दूध प्यायला लावलं.

मग ती वकील झाली आणि नोकरीसाठी अमेरिकेला गेली. हीथ्रोवर मला आबांसारखं दारात एखादं वाक्य बोलायचं होतं, तोंडातून निघालं, "स्वेटर हँडबॅगमध्ये ठेव." भाडेकरूंच्या केसेस ती घ्यायची. थंडीत बॉयलर बंद पडलेला, घरमालक फोन घेत नाही, लहान मुलं कोट घालून झोपतात, असली घरं. कोर्टात एका वेळी एकाच घराचा प्रश्न सुटायचा, म्हणून म्हणाली कायदाच बदलायला हवा, आणि राज्याच्या विधिमंडळाला उभी राहिली. बर्फातून दारोदार लीफलेट वाटली. निवडून आली तेव्हा शपथेला पांढरी साडी नेसली. तिथल्या पेपरवाल्यांना वाटलं, बायकांच्या मतदानाच्या हक्काच्या जुन्या लढ्याचा रंग म्हणून नेसली असेल. तसंच छापलं. आई असती तर पोट धरून हसली असती. दुसऱ्या टर्ममध्ये तिनं तो हीटिंगचा कायदा करून घेतला, घरमालकानं थंडीत घर गरम ठेवलंच पाहिजे असा.

या वर्षी ती वरच्या सभागृहासाठी उभी होती. आधीची जागा सोडून, म्हणजे मागे फिरायला वाट नाही. नव्या मतदारसंघात मराठी घरं खूप. तिथल्या मंडळातली माणसं संध्याकाळी बसून तिच्यासाठी फोन लावायची, काकू लोक डबे पाठवायच्या. निवडणूक दोन महिन्यांवर, तेवढ्यात गणपती आला आणि त्यांनी तिला प्रमुख पाहुणी म्हणून स्टेजवर बसवलं.

आता तूच सांग कमल, प्रमुख पाहुणीनं किचनमध्ये जायचं कसं?

मंडळाच्या अध्यक्षांनी निरांजन लावलेलं ताट तिच्यापुढे धरलं. ती हसून म्हणाली, "मी तुमच्यासोबत उभी राहते. आरती इथल्या काकूंना करू द्या. आम्ही बुद्धिस्ट आहोत, माझ्या आजोबांनी विचार करून हे सोडलं." तू पाहिलंस तो तुकडा इथं संपतो. पुढे अध्यक्षांनी हळूच विचारलं, पण माईक चालू होता. "म्हणजे तुम्ही... त्यांच्यातल्या?" ती म्हणाली, "हो, त्यांच्यातलीच." तेही हळू नाही, नेहमीच्या आवाजात. मग बाजूला सरकून आरती संपेपर्यंत उभी राहिली. प्रसादही खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला येणारी माणसं निम्मी झाली. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची पाठ धरलेली. एकानं स्पष्ट लिहिलं, "तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलं." जणू तिनं आपण कोण ते लपवलं होतं. तिचा फोन वाजला की भीती वाटायची, नाही वाजला तर जास्तच.

आणि पुढच्या शनिवारी आमचा एजवेअरचा गणपती. तो व्हिडिओ इथं प्रत्येकाच्या फोनवर पोचलेला. भावोजी म्हणाले, "या वर्षी राहू दे, पाय दुखतात म्हणून सांग." मी म्हटलं, पाय ठणठणीत आहेत. हॉलमध्ये शिरलो तर बोलणं एकदम बारीक झालं. टाळ्या सुरू झाल्या. किचनचं दार समोर होतं, पीठही मळून ठेवलेलं. मी खुर्ची ओढली आणि भिंतीपाशी बसले. हात मांडीवर. अख्खा हॉल उभा आणि मी एकटी बसलेली. आरती संपते कधी असं झालं होतं. शैलाताई पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे बघत होत्या. मग त्या आल्या, शेजारची खुर्ची घेतली. म्हणाल्या, "पुऱ्यांचं काय गं?"

"तुम्ही तळा की."

"मला तुझ्यासारख्या फुगत नाहीत." आणि थांबून, "एवढ्या वर्षांत मला तरी सांगायचंस."

"पहिल्या दिवशी तुम्ही आडनावावरून अंदाज काढत होतात, ताई."

त्या ओशाळल्या. त्या दिवशी सगळ्यांना पुऱ्या चपट्या मिळाल्या.

नोव्हेंबरात वैशाली हरली. थोडक्यात हरली, ते जास्त लागतं. फोनवर रडली नाही. म्हणाली, "आई, ताट घेतलं असतं तर जिंकले असते. मला माहीत आहे, तू समजूत घालू नको." मी नाही घातली. मग म्हणाली, "पण मग दर वर्षी घ्यावं लागलं असतं."

कमल, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. तिची जागा गेली, काम अर्ध्यावर राहिलं, मला त्याचं वाईट वाटतं आणि रोज वाटतं. पण इथं एक झालंय. घर कुठलं विचारलं की मी इतकी वर्षं नागपूर सांगायचे. हल्ली एजवेअर म्हणते. त्या हॉलमध्ये मी बसून राहिले आणि मला कुणी उठवलं नाही, एवढंच कारण.

ख्रिसमसला वैशाली येतेय, पहिल्यांदाच महिनाभर. फोन वाजणार नाही, मीटिंग नाही, तिला ते जड जाणार. तिला नुसती आई पुरायची नाही, मावशी हवी. व्हिसाचं आजच बघायला घे, गुडघ्याची सबब सांगू नकोस, इथं लिफ्ट आहे. रिकामी खोली झाडून ठेवते. लवकर ये.