मिसिंगच्या फॉर्मवरचा एक रकाना

“अंगावर काही खूण?” मी विचारलं.

“कपाळाला टाके हायत. डाव्या मनगटाला चटका. आन् उजव्या डोळ्याखाली काळंनिळं,” भागवतनं भडाभडा सांगून टाकलं.

त्याची बायको सुनीता आदल्या दिवशी घरातून गेली होती. तो मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, द्यायला आला होता. पाथर्डी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात त्या दिवशी मी ठाणे अंमलदार होते. आलेल्या माणसाचं पहिलं ऐकून घेणारी हवालदार.

“डोळ्याखालचं कधीचं?”

“परवाचं.”

“कशानं?”

शेजारी बसलेल्या त्याच्या चुलत्यानं त्याला कोपरानं ढोसलं. “पडली हुती,” भागवत म्हणाला. मी तेही लिहिलं, वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली.

“मॅडम, सोमवारच्या आत सापडली पायजे. टोळी निघायची. येकट्याला कोन नेतंय?”

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकदा टोळीबरोबर गेली की बाई सहा महिने परक्या जिल्ह्यातल्या फडात. तिथं तिच्या हाकेला कोण धावणार?

खरं सांगते, अशा दोघी-तिघींना मी स्वतः नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून दिलंय. बाई सापडली, फाईल बंद. आता आठवलं की लाज वाटते.

मी सुनीताला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

“मी हरवले न्हाई, मॅडम. कर्जतला आत्याकडं हाय. त्यान्ला सांगू नका.”

“नाही सांगत. पण ठाण्यात येऊन तुझा जबाब दे. तुला कुणी हात लावणार नाही.”

शब्द तर दिला. पण पाळता येईल का, याची धाकधूक मलाच होती.

शनिवारी ती आत्याला घेऊन आली. भागवत आणि चुलता सकाळपासून ठाण्यातच ठाण मांडून होते. गलका ऐकून साहेब बाहेर आले.

“मिळाली ना? द्या ताब्यात. विषय संपला.”

“साहेब, ती सज्ञान आहे. कुणाच्या ताब्यात द्यायची? आणि आधी हा फॉर्म बघा.”

साहेबांनी फॉर्म वाचला. मग सुनीताकडे पाहिलं. टाके, चटका, डोळ्याखालचा डाग. सगळ्या खुणा बरोबर जुळत होत्या.

“काय रे, चटका पण पडूनच बसला का?” साहेबांनी विचारलं आणि ते माझ्याकडे वळले.

“हिला काय म्हणायचंय ते लिहून घ्या. मग मेडिकल करा.” मेडिकल म्हणजे सरकारी दवाखान्यात जखमांची तपासणी.

सुनीता तासभर बोलली. आत्या तिचा हात धरून होती. गुन्हा दाखल झाला तसा भागवत ओरडला, “तक्रार मी दिली आन् केस माझ्यावरच?”

साहेब म्हणाले, “पुरावा पण तूच दिलास की.”

मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी ठाण्यातला गारढोण चहासुद्धा गोड मानून प्याले.

सुनीताला मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. घरगुती हिंसाचारात बाईचा अर्ज कोर्टापर्यंत पोचवणारं ते सरकारी माणूस. पुढं कोर्टाचा आदेश झाला, भागवतनं तिच्या आसपास फिरकायचं नाही. त्याआधी, सोमवारी टोळी गेली ती या जोडीशिवायच.

महिन्यानं तिचा फोन आला. “मॅडम, ते मिसिंगचं काय झालं?”

“बंद केलं.”

“काय लिव्हलं?”

“मिळून आली. स्वतःच्या मर्जीनं आत्याकडे राहते.”

ती हसली. तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून पोलिसात नव्यानं आलेल्या पोरींना मी एवढंच सांगते. खुणांचा रकाना रिकामा सोडू नका. आणि सापडलेली बाई कुणाला द्यायची, हे साहेबांना विचारू नका. कुठं जायचंय, ते तिलाच विचारा.