पौषातली राखी

त्या वर्षांत माझं काम विचित्रच होतं. कापसाच्या जिनिंगांतल्या मॅनेजरांना गोळा करायचं आणि शिकवायचं, की कामावरची बाई कुणाच्या त्रासाची तक्रार घेऊन आली तर काय करावं. तेव्हा यासाठी वेगळा कायदाबियदा नव्हता. त्यामुळं मॅनेजर मंडळी माझ्याकडं करमणूक म्हणूनच बघायची.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये वर्ग होता. मी सांगत होते, बाईचं एकटीचं ऐका, चारचौघांत तिची उलटतपासणी घेऊ नका. तेवढ्यात तिथलेच मॅनेजर उठले. साठीला आलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, स्वभावानं देवमाणूस.

"म्याडम, आमच्याकडं असा मामला झाला होता. आमी पाच मिनिटांत मिटवला."

रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकणाऱ्या एका बाईनं मुकादमाची तक्रार केली होती. यांनी सगळे कामगार गोळा केले, पूजेचा लाल दोरा मागवला आणि तिला मुकादमाच्या हातावर राखी बांधायला लावली. ऐन पौषात! वर त्याच्याकडून तिला साडी-चोळी. भाऊ-बहीण झाले, मामला खल्लास.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं तडकलं, पण माणूस इतका मनापासून खूश होता की त्याच्यावर खेकसवेना.

"नंतर त्या बाईंना विचारलंत, कसं चाललंय?"

"त्यात काय विचारायचं?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिला ऑफिसात बोलावलं. तिशीतली बाई, केसांत कापूस अडकलेला. साहेब इथं थांबले तर चालेल का, असं मी विचारलं. "थांबू द्या की," ती म्हणाली, "त्यायनीच तर बांधायला लावली."

दाराला टेकून ती उभ्यानंच बोलली. "लोकांसमोर ताई म्हणतो, आन् कापसाच्या गंजीमागं हात धरतो. आदी निदान सांगता तरी येत हुतं. आता सांगितलं तर लोक म्हणतील, भावावर आळ घ्यायलीय. लय झालं. उद्यापासून मी कामावर येत न्हाई."

मॅनेजरांचा चेहरा उतरला. डोळे खरोखर भरून आले. मला त्यांची दया आली, आणि तेवढ्यात त्यांनी आपलाच हात पुढं केला.

"त्याची राखी सुटली बाई. तू मला बांध. आजपासून मी तुझा भाऊ."

मी कपाळावर हात मारून घेतला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मला तीन भाऊ हायेत, साहेब. मला मॅनेजर पायजे."

त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ते उठले, आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बसा तुमी. पहिल्यापासून सांगा."

ती बसली. भोंगा झाला, रेचे सुरू झाले, तरी ती बोलत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते. नंतर त्यांनी मुकादमालाही तसंच एकट्याला बसवून विचारलं आणि संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या रेच्यावर होती.