हवालदारांच्या दारातल्या आक्का

गप्प बसायची वेळ आली की आक्का पदराचं टोक दातात धरायच्या. ते सुटलं की बोलणं सुरू. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. चार माणसं गप्प बसलेली दिसली की काहीतरी बिघडलंय, असंच तिला वाटतं.

निपाणीत दर शनिवारी मी एक वर्ग घ्यायचे. आमच्या भागात गावोगाव निवृत्त फौजी आहेत. काहींच्या मनातली लढाई घरी आल्यावरही थांबत नाही. झोप उडते, साध्या आवाजानं दचकायला होतं, माणसं नकोशी होतात. मानसोपचाराचे डॉक्टर लांब बेळगावात. म्हणून अशा फौजींचं ऐकून त्यांना आधार द्यायला गावोगावच्याच बारा जणांना तयार करायचं होतं. सदलग्याजवळच्या एका खेड्यातल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या आक्का त्यातल्या एक.

पहिल्या सरावात मी फौजी झाले. म्हटलं, "मला झोप येत नाही."

"येणार कशी? दिसभर च्या पितासा. जेवलासा काय?"

वर्ग हसला. "आक्का, सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं."

"व्हय की. पर उपाशी माणसाचं किती ऐकू?"

त्या दिवसापासून पदर दातात गेला.

खरं सांगते, मला त्यांचा भरवसा नव्हता. पण त्यांच्याच गावातल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी वर्गातल्या दोघांना दारातूनच परत पाठवलं आणि मग आक्काच उरल्या.

ऊसतोड झाली की रानात पाचट पेटवतात. तो तडतड आवाज कानावर आला की हवालदार गोठ्यात जाऊन दार लावून घ्यायचे. त्यात लेकीचं लग्न ठरलं. त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "मी मांडवात येणार न्हाय. वाजाप सुरू झालं की माझं मला भान ऱ्हात न्हाय."

आक्का तीन दिवस त्यांच्या पायरीवर नुसत्या पावटे सोलत बसल्या. चौथ्या दिवशी हवालदारच म्हणाले, "आक्का, पदर का खातासा?"

"बोलू नगा म्हणून सांगिटलंय म्याडमनी. लई जड जातंय बघा."

हवालदार हसले. कोण हसलं ते बघायला त्यांची बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

हळूहळू ते बोलू लागले. बेळगावच्या डॉक्टरांकडे जायलाही तयार झाले. ज्याची भीती वाटते, त्याच्याजवळ त्या माणसाच्या मर्जीनं, थोडंथोडं करत जायचं, असं मी शिकवलं होतं. आक्कांनी हवालदारांना विचारून एक ताशेवाला गाठला आणि त्याला ओढ्यापलीकडे उभं केलं. हवालदार दारात, पाय जमिनीला टेकवून श्वास मोजत. दोन-चार दिवसांनी ताशा थोडा अलीकडे. एखाद्या दिवशी हवालदार पुन्हा गोठ्यात जायचे. मग आक्का ताशेवाल्याला म्हणायच्या, "आज सुट्टी."

गावाला कोडं पडलं. "आक्का, वरात कुणाची हाय ही?"

"माझीच. म्हातारपणी निघालीया."

हवालदारांचं नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा माझा सगळ्यात अवघड धडा या बडबड्या बाईनं सगळ्यात चोख पाळला होता.

लग्नाआधी हवालदारांनी स्वतः व्याह्यांना सांगितलं, "फटाके नकोत. मला त्रास होतोय." मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झाली, तसे ते दचकले. मांडवाच्या खांबापर्यंत मागे सरकले. कपाळावर घाम. लेकीनं हार हातात धरून वळून पाहिलं. हवालदार तिथेच थांबले, श्वास मोजत राहिले. मग चालत पुढे येऊन तिच्या पाठीशी उभे राहिले.

आक्का लांब बायकांत बसून होत्या. म्हटलं, "जवळ का नाही गेलात?"

"माझी गरज लागली असती तर हाक मारली असती की त्येंनी."

आता आक्का लेकाकडे बंगळूरला राहतात. निघाल्या त्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर, गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात, त्यांचं तांदळाचं पोतं हवालदारांनीच बसमध्ये चढवलं. बस वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्याडम, तुमच्या वर्गात आक्कांची जागा मोकळी हाय न्हवं? मी येतो शिकाय. आमच्या पलटणीतला एकजण संकेश्वरला हाय. कुणाला दार उघडत न्हाय."