पालथी जोडलेली गाण्याची पट्टी

इंटरवल संपला होता. एका मशीनवर रीळ चालू होतं. पुढचं रीळ दुसऱ्या मशीनवर चढवायला घेतलं आणि लक्षात आलं. त्यात गाणं नव्हतं. गाणं कपाटात होतं. मीच कापून ठेवलं होतं.

मी गोंदियातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. दर दिवाळीला आमच्याकडे तोच जुना गाण्यांचा सिनेमा लागायचा. त्यातल्या दिव्यांच्या गाण्यासाठी बायका नव्या साड्या नेसून, चकल्यांचे डबे घेऊन यायच्या. त्या शोच्या आदल्या संध्याकाळी पब्लिक तुरळक होतं, मला गाडी पकडायची होती. अशा वेळी शो लवकर सुटावा म्हणून ऑपरेटर एखादं गाणं गाळतात. सकाळी परत जोडायचं. मी विसरलो.

शेठची ताकीद होती, "गाना कटा तो कुर्सियाँ टूटेंगी, और तेरी नौकरी भी जाएगी."

नोकरीची धास्ती होतीच. पण त्या दिवशी आमच्या गेटकीपर सुखदेवची आई नागऱ्याहून आली होती. मोतीबिंदूमुळे काही वर्षं तिने हे गाणं नुसतं ऐकलं होतं. यंदा ऑपरेशन झालं होतं. आत शिरताना मला म्हणाली, "अवंदा गानं पाहाले आली गा मी, आयकाले नाही."

पट्टी जोडायची म्हणजे टोक ब्लेडने खरवडायचं, चिकटद्रव लावायचं, दाबून धरायचं. फिल्मची एक बाजू चमकते, दुसरी मंद असते. दोन्ही तुकड्यांची चमक एकाच अंगाला हवी. चालू रीळ संपत आलं होतं. पट्टी घाईघाईने जोडली. चमक बघायची राहिली.

गाणं पडद्यावर आलं आणि आवाज गेला. नुसती घरघर. आवाजाची रेघ फिल्मच्या एका कडेला असते. पट्टी पालथी झाल्यामुळे ती भलत्या कडेला गेली होती. मी व्हॉल्यूम बंद केला. खालून शिट्ट्या. "अबे, आवाज दे ना!"

शेठ जिना चढून आला. "क्या किया तूने?"

"प्रिंट खराब है, शेठ."

तेवढ्यात खाली कुणी बाई गायला लागली. मग तिची रांग. मग अख्खा हॉल. शेठ काचेतून बघत राहिला. खुर्ची एकही तुटली नाही.

शो सुटल्यावर सुखदेवची आई गेटवर थांबली होती. "गान्यातल्या बाईच्या डाव्या हातात दिवा काऊन होता गा? पहिले तं उजव्या हातात राहे."

पालथ्या पट्टीत चित्रही आरशातल्यासारखं दिसतं. भरल्या हॉलमध्ये ते तिला एकटीला दिसलं होतं. शेठ बाजूलाच उभा होता. मी म्हणालो, "नाही बा, उजव्याच हातात होता."

"मंग माह्या डोऱ्यातच खोट राह्यली," ती सुखदेवला म्हणाली. "बिघडवलं डाक्टरनं."

डॉक्टरने डोळा उत्तम असल्याचं सांगितलं. तिला पटलं नाही. वर्षभर तांदूळ निवडायला ती सुनेला बसवायची.

पुढच्या दिवाळीला पट्टी सुलट होती. बाहेर आली ती हसतच. "बसला गा डोरा! दिवा उजव्याच हातात दिसला."

मीही हसलो. म्हातारी आता नाही. सुखदेवला हे मी कधी सांगितलं नाही. इथे वाचेल तेव्हाच कळेल.

जोड मारल्यावर पट्टी उजेडात धरून चमक बघावी. क्षणभराचं काम आहे. आणि चुकलंच, तर तसं सांगायला त्याहून कमी वेळ लागतो.