टाचणीआजीच्या खोलीतला हत्ती

शिवणकाम करणाऱ्या या बाईला सगळी गल्ली टाचणीआजी म्हणते, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या. कपडा बेतताना त्या कामाच्या, पण अडचणीचा प्रश्न आला की त्याहून कामाच्या. टाचण्या तोंडात असल्या की आजी फक्त "हं" म्हणते. त्या "हं"चा अर्थ ज्याचा त्याने काढावा.

यंदा परदेशातला मुलगा नातीला घेऊन आला, तो एकच धोशा लावून. "आई, दुकान बंद कर आणि कायमची आमच्याकडे चल." आठवडा सरला, तरी उत्तर "हं"च. नाही म्हणावं तर मुलगा दुखावणार, हो म्हणावं तर मशीन सुटणार. बिचारीची इकडे आड तिकडे विहीर झाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी मुलाने दोघींना प्राण्यांच्या उद्यानात नेलं. टाचण्या घरीच राहिल्या.

आजीला इंग्रजी शिकवायचा विडा नातीने उचललाच होता. उद्यानाच्या बसमध्ये खिडकी पकडायला आजी पुढे घुसली, तशी नात ओरडली, "आजी, होल्ड युवर हॉर्सेस!"

"कुठायत घोडे?"

"घोडे नाहीत गं. म्हणजे, जरा दम धर."

"मग तसं म्हण की! घोड्यांना कशाला मध्ये ओढतेस?"

झेब्रे दिसले तेव्हा आजी हरखलीच. "पट्ट्याला पट्टा बघ कसा जुळलाय! मला कापडावर इतकं कधी साधलं नाही." वाघ आला तेव्हा शिकवणी उलटी फिरली. "वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो," हे नातीने घोकून पाठ केलं.

मग झाडीतून हत्ती बाहेर आला. "एलिफंट इन द रूम!" नात म्हणाली. "म्हणजे खोलीत हत्ती असतो, सगळ्यांना दिसतो, पण बोलत कोणीच नाही."

मुलगा एकदम बाहेर बघायला लागला. आजीचा हात सवयीने ओठांकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"हा आपल्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. "आठवडाभर आपल्याच घरात ठाण मांडून बसलाय. बाळा, मी नाही येत. तुझ्यावर राग नाही रे. पण मशीनवर बसले की मला माझं असं काहीतरी असतं. तिकडे मी नुसती तुमची वाट बघत बसेन."

मुलाचे डोळे भरले. "मग आधी का नाही बोललीस?"

"तोंडात टाचण्या होत्या ना!"

तो रडता रडता हसला. आजीलाही रडू आलं, पण जीव कसा हलका झाला. राहिली होती ती फक्त बॅगांची बांधाबांध. डोळे पुसत ती म्हणाली, "चला, हत्ती गेला, शेपूट राहिलं."

नातीने क्षणभर विचार केला. "हत्ती म्हणजे बाबा. बाबा उद्या जाणार. मग शेपूट मी! मी राहणार! शाळेला अजून सुट्टी आहे!"

"अगं, तसा अर्थ नाही त्याचा," मुलगा गडबडला. "आणि तुझं तिकीट—"

आजीने नातीला जवळ ओढलं आणि मुलाकडे बोट रोखलं.

"होल्ड युवर हॉर्सेस," ती म्हणाली.