मेमरीतला कचरा आणि आप्पांची मोटर

चहा ओता, बसा आणि हसायची तयारी ठेवा. या गोष्टीतलं गाढव मीच आहे.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी काही बनवलेलं नाही, त्यांचं काय ऐकायचं? शहाद्याजवळ मळ्यातच आमचं घर. तिथे सुरतहून आणलेला जुना सर्व्हर मांडला आणि कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या पार गाभ्यावर, काम सुरू केलं. पाहुणे विचारायचे, "पोरगं काय करी ऱ्हायनं?" आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, "पंखाखाले बशी ऱ्हायना."

डोकं फिरणार नाही?

तर त्या सर्व्हरच्या प्रोसेसरची तऱ्हा अशी, की तो मेमरीत सगळं कुलूप लावून लिहितो आणि वाचताना स्वतःच उघडून देतो. फक्त कर्नलमध्ये मेमरीचं पान, म्हणजे तिचा एक तुकडा, जोडताना 'हे कुलूपवालं' अशी खूण लावायची. कर्नलनं आधीच लिहिलेलं एक पान मी माझ्या कोडमधून जोडलं. वाचतो तर काय? नुसता कचरा!

चूक माझी? छे! तेवढ्यात शेताची लाईट आली, ऑटोस्विचवर आप्पांची मोटर धाडकन सुरू झाली आणि खोलीतला दिवा मिचमिचला. सापडला चोर!

"आप्पा, तुमची मोटर माझी मेमरी बिघडवते."

"मन्ही मोटर? ती ते हिरीमा शे."

"व्होल्टेज ओढते. तुम्हाला नाही कळायचं."

"मंग सांगस कशाले?"

दुसऱ्या दिवशी आप्पा साखरपुड्याला तीन दिवसांसाठी म्हसावदला निघाले. "ऑटो चालू शे, हात लावू नको. केळ निसवेल शे, घड लागेल शेतस, पानी चुकाले नको."

ते वळले आणि मी ऑटो बंद केला.

वैशाखाचं ऊन. तीन दिवस शेताची लाईट आली, गेली, मोटर गप्प. आणि कचरा? तसाच! मग शेजाऱ्याच्या मोटरीवर संशय. त्याच्याशी भांडायला पुरावा हवा, म्हणून कालचा कचरा आजच्याशेजारी ठेवला. अक्षर न् अक्षर तोच!

व्होल्टेजनं बिघडलं असतं तर दर वेळी वेगळं नसतं का बिघडलं? मेमरी धडधाकट होती. खूण लावायची राहिली होती, म्हणून मी कुलपासकट वाचत होतो. एक शब्द टाकला. मजकूर लख्ख!

पण आनंद होईना. मला वाचता आलं नाही ते सडलेलंच, असं मी आजवर कुठे कुठे ठरवून टाकलंय? कॉलेजात? घरात?

आप्पा परतले ते थेट बागेत गेले. पानं मलूल, कडेची काही झाडं घडासकट वाकलेली.

"मोटर कोनी बंद करी?"

"मी."

"मंग सापडनं का?"

"चूक माझ्याच कोडमध्ये होती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. उलट बोलायला मी तयारच होतो. ते वाकलेल्या झाडाला टेकू लावत राहिले.

"मंग मोटरना काय गुन्हा व्हता?"

"काही नाही."

"मंग तिले सांग तसं."

आणि मी, कर्नलचा कारागीर, भर उन्हात स्टार्टरच्या पेटीसमोर उभा राहून मोटरची माफी मागितली. मोठ्यानं! जन्मात मागितलेली ही माझी पहिली माफी. आप्पांची अजून मागायची आहे. मोटरीचं सोपं हो, ती "कशाबद्दल?" असं विचारत नाही.